उद्याचा उजेड, आजचे घर

स्टॅन्ली कुब्रिक यांच्या ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ या १९६८ च्या चित्रपटाच्या अखेरीस अंतराळवीर एका बंदिस्त दालनात येऊन पोहोचतो. दालनातले सामान जुन्या फ्रेंच राजवाड्यात शोभावे असे आहे. मोठा पलंग, वळणदार पायांच्या खुर्च्या, कोनाड्यांत पुतळे, भिंतींवर तैलचित्रे. या सामानात भविष्यकाळाची म्हणावी अशी एकही वस्तू नाही, तरीही ती खोली या जगातली वाटत नाही. त्याचे कारण तिची जमीन. चौकोनी अर्धपारदर्शक फरशांखालून पांढरा, एकसारखा प्रकाश वर येतो आणि सगळे सामान त्या प्रकाशावर तरंगत असल्यासारखे दिसते. दिवा म्हणून ओळखता येईल अशी वस्तू या प्रकाशाच्या मुळाशी कुठेच दिसत नाही. बेचाळीस वर्षांनी आलेल्या ‘ट्रॉन: लेगसी’ या चित्रपटात दिग्दर्शक जोसेफ कोसिन्स्की यांनी उजळलेल्या जमिनीची हीच कल्पना पुन्हा वापरली आणि २०१० मध्येही ती तितकीच नवी वाटली. कोसिन्स्की यांचे शिक्षण वास्तुशास्त्रात झालेले आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

भविष्यवेधी प्रकाशयोजना म्हणून आज बाजारात जे विकले जाते, त्यात भर दिव्याच्या रूपावर असतो: एकात एक अडकवलेल्या कड्यांची झुंबरे, भिंतीवर चिकटवायची षटकोनी पॅनेले, निळ्या-जांभळ्या पट्ट्या. ही रूपे चार-पाच वर्षांत जुनी होतात. गेल्या साठ-सत्तर वर्षांत ज्या कल्पना टिकून राहिल्या त्यांचा संबंध प्रकाशाच्या वागण्याशी आहे. उगम नजरेआड ठेवून पृष्ठभाग उजळवायचा, एकाच दिव्याला कमी-जास्त होता येईल असे करायचे आणि प्रकाश दिवसाच्या वेळेप्रमाणे बदलायचा, या त्या कल्पना. साध्या वन बीएचके घरातही त्या आणता येतात. त्यासाठी घर अंतराळयानासारखे दिसण्याची गरज नाही. कुब्रिक यांच्या दालनातल्या जुन्या पलंगाप्रमाणे आजोबांचे सागवानी कपाटही अशा प्रकाशात उत्तम शोभते.

अवकाशयुगाचे दिवे

१९५७ मध्ये स्पुटनिक अंतराळात गेला आणि १९६९ मध्ये माणूस चंद्रावर उतरला. या बारा वर्षांत युरोपातील, विशेषतः मिलान शहरातील, रचनाकारांनी दिव्याचा जितका मुळातून विचार केला तितका त्याआधी क्वचितच झाला होता. अॅक्रिलिकसारखे नवे प्लास्टिक हाताशी होते, कारखाने प्रयोगांना तयार होते आणि मेणबत्तीच्या झुंबराची नक्कल करत राहण्याचा कंटाळा आलेला होता.

सगळेच प्रयोग सारखे मोलाचे नव्हते. मध्यभागी गोळा आणि त्यातून चहूकडे निघालेल्या दांड्यांच्या टोकांना उघडे बल्ब, असे उपग्रहासारखे झुंबर त्या काळात लोकप्रिय झाले आणि ‘स्पुटनिक’ या नावाने ते आजही विकले जाते. उंच छताच्या सभागृहात ते देखणे दिसते. घरात मात्र उघडे बल्ब थेट डोळ्यांवर येतात आणि भरपूर दिवे असूनही खोली नीट दिसत नाही.

खरी नवी वाट १९६२ मध्ये जो कोलंबो आणि त्यांचे बंधू जियानी यांनी ओलुचे या कंपनीसाठी केलेल्या ‘अॅक्रिलिका’ या टेबलदिव्यात सापडते. जाड, पारदर्शक अॅक्रिलिकची एक मोठी वळलेली पट्टी धातूच्या बैठकीत बसवलेली आहे. फ्लुरोसंट नळी त्या बैठकीत लपलेली असते. तिचा प्रकाश अॅक्रिलिकच्या आत शिरतो, वळणाबरोबर वळतो आणि वरच्या टोकाशी बाहेर पडतो. मधली पट्टी काचेसारखी स्वच्छ राहते. यामागे पूर्ण आंतरिक परावर्तन आहे. अॅक्रिलिकचा अपवर्तनांक सुमारे १.४९ असल्याने त्याच्या आतल्या पृष्ठभागावर लंबाशी ४२ अंशांहून मोठा कोन करून येणारा किरण बाहेर न पडता पुन्हा आत फेकला जातो. पट्टीचे वळण पुरेसे सौम्य असेल, तर प्रकाश तिच्यातून निसटत नाही. १९६४ च्या मिलान त्रिवार्षिकीत या दिव्याला सुवर्णपदक मिळाले.

आज फॉल्स सीलिंगमध्ये बसवले जाणारे बरेचसे पातळ एलईडी पॅनेल याच तत्त्वावर चालतात. एलईडी पॅनेलच्या चौकटीत, कडेला असतात. प्रकाश अॅक्रिलिकच्या पानात शिरतो आणि मागे छापलेल्या बारीक ठिपक्यांवर आदळून खाली पडतो. देवघरात अॅक्रिलिकवर कोरलेली ॐ किंवा गणपतीची आकृती कडेच्या दिव्याने उजळते, तीही याच कारणाने. कोरलेल्या रेघेपाशी पृष्ठभाग खडबडीत झालेला असतो, तिथे आंतरिक परावर्तन मोडते आणि नेमकी रेघच प्रकाशमान होते. बाकीचे अॅक्रिलिक अंधारात नाहीसे होते. जाळीदार पार्टिशन, जिन्याचा कठडा किंवा दाराशेजारची नावाची पाटी यांसाठी हे तंत्र वापरता येते, आणि खर्चही फार येत नाही.

विको मॅजिस्ट्रेट्टी यांनी आर्टेमिडे कंपनीसाठी १९६५ मध्ये रचलेल्या ‘एक्लिसे’ दिव्याची करामत वेगळी आहे. एका गोल कवचाच्या आत दुसरे फिरणारे कवच, आणि त्याच्या आत बल्ब. आतले कवच बोटाने फिरवले की ग्रहण लागावे तसा बल्ब झाकला जातो. पूर्ण प्रकाश, अर्धा, एक बारीक कोर, असे हवे ते मिळते. चोरकंदिलाच्या जुन्या युक्तीवरून ही कल्पना सुचल्याचे मॅजिस्ट्रेट्टी सांगत. १९६७ मध्ये त्याला इटलीतील ‘कोंपास्सो द’ओरो’ हा मानाचा पुरस्कार मिळाला. तापलेल्या तारेच्या बल्बमुळे कवच फिरवताना बोटे भाजत, ही त्याची उणीव एलईडीने दूर केली. विजेच्या कोणत्याही खास यंत्रणेशिवाय एकच दिवा वाचनासाठी, गप्पांसाठी आणि रात्रीच्या मंद उजेडासाठी चालतो. डिमर बसवणे शक्य नसलेल्या भाड्याच्या घरात हाच मार्ग सोपा आहे: ज्याचे झाकण, कोन किंवा पडदा हाताने बदलता येतो असा दिवा घ्यावा.

भाड्याच्या घरासाठी ‘आर्को’ही पाहण्यासारखा आहे. अकिले आणि पिएर जाकोमो कास्तिल्योनी या भावांनी फ्लोस कंपनीसाठी १९६२ मध्ये तो केला. जेवणाच्या टेबलावर बरोबर मध्यभागी दिवा हवा, पण छताला भोक पाडायचे नाही, असा प्रश्न होता. रस्त्यावरच्या वाकलेल्या दिव्याच्या खांबावरून उत्तर सुचले. सुमारे ६५ किलो वजनाच्या संगमरवरी ठोकळ्यातून पोलादाची कमान निघते आणि दोन मीटर पलीकडे दिवा धरते. खालून माणूस सहज ये-जा करू शकतो. ठोकळ्याला आरपार एक भोक आहे. त्यात झाडूचा दांडा घालून दोघांनी तो उचलावा, अशी त्यामागची योजना आहे. दिव्याचा पॉइंट बिल्डरने भलत्याच जागी दिला असेल, तर भिंत फोडण्याआधी आर्कोचा विचार आठवावा.

डेन्मार्कच्या व्हेर्नेर पान्टोन यांच्या १९७१ च्या ‘पान्थेल्ला’ दिव्यात पायही प्रकाशाच्या कामी लावलेला आहे. अर्धगोल छत्रीखालून प्रकाश खाली पडतो आणि तुतारीसारख्या पसरत गेलेल्या पांढऱ्या पायावरून पुन्हा परततो, त्यामुळे दिव्याचा कोणताच भाग नुसता आधार म्हणून उरत नाही.

ठिपक्यांची रेघ कशी होते

साठच्या दशकातील रचनाकारांच्या डोक्यात उजळणाऱ्या भिंती आणि छते होती, पण हातात होते ते तापणारे बल्ब आणि जाड नळ्या. दृश्य लाल प्रकाश देणारा एलईडी निक होलोन्याक यांनी १९६२ मध्ये, म्हणजे आर्को आणि अॅक्रिलिका यांच्याच वर्षी, दाखवला होता. खोली उजळवण्याइतका पांढरा प्रकाश मिळवायला मात्र निळ्या एलईडीची गरज होती आणि तेज निळा एलईडी जपानच्या निचिया कंपनीत शुजी नाकामुरा यांनी साधला तो १९९३ मध्ये. या कामासाठी इसामु अकासाकी, हिरोशी अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. निळ्या एलईडीवर पिवळा प्रकाश देणाऱ्या फॉस्फरचा थर दिला की निळा आणि पिवळा मिळून डोळ्याला पांढरा दिसतो. भारतात २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘उजाला’ योजनेखाली असे ३६ कोटींहून अधिक बल्ब वाटले गेले आणि एलईडी घरोघरी पोहोचला.

एलईडी आकाराने इतका लहान असतो की तो कुठेही लपवता येतो. मुंबईच्या लोहार चाळीत किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत मीटरवर विकली जाणारी स्ट्रिप म्हणजे अशा ठिपक्यांची माळ. पण उजळलेली सलग रेघ आणि दिसणारे ठिपके यांत फार फरक आहे आणि तिथेच बहुतेक कामे फसतात. मीटरला ६० एलईडी असलेल्या स्ट्रिपमध्ये दोन ठिपक्यांतले अंतर साधारण १७ मिलिमीटर असते. ती जेमतेम ७-८ मिलिमीटर खोल अॅल्युमिनियमच्या पन्हळीत, म्हणजे प्रोफाइलमध्ये, बसवून वर दुधी झाकण लावले, तर झाकणातून ठिपके मोजता येतात. झाकण आणि स्ट्रिप यांतले अंतर किमान दोन ठिपक्यांतल्या अंतराइतके असावे, हा ढोबळ नियम पाळला की रेघ सलग दिसते. मीटरला १२० एलईडी घेतले तर निम्म्या खोलीवर भागते. हल्ली मिळणाऱ्या सीओबी स्ट्रिपमध्ये बारीक चिपा अगदी जवळजवळ बसवून वर फॉस्फरचा सलग पट्टा दिलेला असतो. उथळ प्रोफाइलसाठी तीच योग्य.

अॅल्युमिनियम प्रोफाइल शोभेसाठी नसते. एलईडीची उष्णता मागच्या बाजूने निघते आणि ती वाहून न्यायला धातू लागतो. मीटरला दहा वॅटच्या वरची स्ट्रिप नुसती प्लायवुडवर चिकटवली, तर काही महिन्यांत तिचा प्रकाश मंदावतो आणि चिकटपट्टीही सुटते. दुसरी अडचण लांबीची. पाच मीटरची ७२ वॅटची स्ट्रिप १२ व्होल्टवर ६ अँपिअर प्रवाह घेते. पातळ तांब्यातून तो जाताना दाब घटतो आणि दूरचे टोक अंधुक व किंचित पिवळसर पडते. तीच शक्ती २४ व्होल्टवर घेतली की प्रवाह निम्मा होतो आणि तारेतला व्यय चौथ्या हिश्शावर येतो. म्हणून लांब रेघेसाठी २४ व्होल्टची स्ट्रिप घ्यावी, किंवा दोन्ही टोकांकडून वीज द्यावी.

कोव्ह लाइट, म्हणजे फॉल्स सीलिंगच्या कडेआड लपवून छतावर टाकलेला प्रकाश, हा कुब्रिकच्या उजळलेल्या पृष्ठभागाचा सर्वात सुलभ घरगुती अवतार आहे. भारतीय बांधकाम संहितेनुसार राहण्याच्या खोलीची उंची किमान २.७५ मीटर असावी लागते आणि बहुतेक फ्लॅट त्याच्या आसपासच असतात. त्यामुळे पूर्ण छत खाली आणण्यापेक्षा फक्त कडेला पट्टा करून मध्य तसाच उंच ठेवणे बरे. स्ट्रिप आणि मूळ छत यांत जागा कमी असेल, तर कडेला एक झगझगीत पट्टा उमटतो आणि मधले छत काळेच राहते. वीस सेंटिमीटरच्या आसपास अंतर मिळाले की प्रकाश आतपर्यंत पसरतो. छताला चकाकी नसलेला पांढरा रंग द्यावा. खाली गुळगुळीत, चमकदार फरशी असेल तर वरची लपवलेली स्ट्रिप तिच्यात आरशासारखी दिसते. हे काम सुरू होण्याआधी तपासून घ्यावे, नंतर उपाय राहत नाही.

सावलीही लागते

सगळीकडून सारखा प्रकाश आला की सावल्या नाहीशा होतात, आणि सावली गेली की खोलीची खोलीही जाते. अमेरिकन कलावंत जेम्स टरेल यांनी आयुष्यभर याच अनुभवावर काम केले. त्यांच्या ‘गान्झफेल्ड’ मालिकेतील दालनांत कडा आणि कोपरे प्रकाशात विरघळून जातात आणि समोर भिंत आहे की पोकळी, हे कळेनासे होते. न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात १९८० मध्ये भरलेल्या त्यांच्या प्रदर्शनात प्रकाशाच्या पडद्याला खरी भिंत समजून टेकायला गेलेले प्रेक्षक पडले आणि प्रकरण कोर्टापर्यंत गेले. कलादालनात हा अनुभव विलक्षण असतो. रोजच्या दिवाणखान्यात मात्र फक्त कोव्ह लाइटवर भिस्त ठेवली, तर घर कचेरीसारखे सपाट दिसते आणि माणसांचे चेहरे निर्जीव वाटतात.

यावर उत्तर अवकाशयुगाच्याही आधीच्या पिढीकडे होते. डॅनिश रचनाकार पोल हेनिंगसेन यांनी १९२० च्या दशकाच्या मध्यात तीन छत्र्यांच्या दिव्याची रचना केली आणि उगम डोळ्यांपासून लपवतानाही प्रकाशाला दिशा ठेवली. प्रकाश खाली टेबलावर स्पष्ट पडतो, बाजूला सौम्य होतो, वर अगदी थोडा जातो. कोपनहेगनच्या लांगेलिनी पॅव्हिलियन या उपाहारगृहासाठी १९५८ मध्ये त्यांनी केलेल्या ‘आर्टिचोक’ दिव्यात ७२ पत्रे अशा कोनांत बसवलेले आहेत, की कुठूनही पाहिले तरी बल्ब दिसत नाही. म्हणून कोव्हच्या जोडीला किमान एक दिशा असलेला दिवा हवाच: टेबलावर लोंबणारा, किंवा खुर्चीशेजारचा, किंवा भिंतीवरच्या चित्रावर रोखलेला अरुंद झोताचा. छताला रांगेने डाउनलाइट मारण्याची पद्धत याला पर्याय ठरत नाही. तिने जमीन उजळते आणि माणसांच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळे उमटतात.

खालून येणाऱ्या प्रकाशाबाबतही सावध राहावे लागते. सूर्य वरून उजेड देतो, त्यामुळे सावली खाली असणार असे मेंदू गृहीत धरतो. चेहरा खालून उजळला की तो भेसूर दिसतो. यामुळे उजळलेल्या जमिनीची कल्पना घरात आणताना प्रकाश गुडघ्याच्या वर येऊ न देणे शहाणपणाचे. भिंतीला टांगलेल्या टीव्ही युनिटच्या खाली, पलंगाच्या चौकटीखाली किंवा कपाटाच्या पायपट्टीत आत सरकवलेली स्ट्रिप एवढेच पुरते. सामान जमिनीपासून सुटून तरंगल्यासारखे दिसते आणि लहान खोली मोठी भासते.

सोळा सूर्योदयांचे घर

आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानक पृथ्वीभोवती दिवसाला सुमारे सोळा फेऱ्या मारते, म्हणजे तिथल्या माणसांना चोवीस तासांत सोळा सूर्योदय दिसतात. बाहेरच्या उजेडावरून शरीराला वेळ समजण्याचा मार्गच बंद होतो. २०१६ पासून तिथल्या जुन्या फ्लुरोसंट नळ्यांच्या जागी एलईडी दिवे बसवले गेले, तेव्हा त्यांना तीन अवस्था दिल्या गेल्या: कामाच्या वेळी ४५०० केल्विन रंगतापमानाचा प्रकाश, सावध राहण्यासाठी वा झोपेची वेळ सरकवण्यासाठी ६५०० केल्विनचा तेज निळसर प्रकाश आणि झोपेआधी २७०० केल्विनचा मंद पिवळसर प्रकाश.

यामागचे शरीरशास्त्र तसे नवे आहे. डोळ्याच्या पडद्यात पाहण्यासाठी लागणाऱ्या दंडपेशी आणि शंकूपेशींखेरीज मेलानॉप्सिन हे रंगद्रव्य असलेल्या काही चेतापेशीही असतात आणि त्या स्वतः प्रकाशाला प्रतिसाद देतात, हे २००२ मध्ये डेव्हिड बर्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. सुमारे ४८० नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशाला त्या सर्वाधिक प्रतिसाद देतात आणि दिवस आहे की रात्र, हा निरोप मेंदूतील जैविक घड्याळाला पोहोचवतात. रात्री असा प्रकाश भरपूर मिळाला की झोपेची चाहूल देणाऱ्या मेलाटोनिनची निर्मिती दबते.

आपल्याकडच्या घरांत मात्र रात्री अकरालाही ६५०० केल्विनची ट्यूबलाइट जळत असते. पांढरा म्हणजे जास्त उजेड, ही समजूत फ्लुरोसंट नळीच्या काळापासून चालत आली आहे. दुकानात वॉर्म, नॅचरल आणि कूल असे तीन पर्याय असतात आणि गिऱ्हाईक बहुधा कूल उचलते. अंतराळस्थानकाचा धडा उलट आहे. सकाळी व दुपारी खिडक्या उघड्या ठेवून जमेल तितका खरा दिवस आत घ्यावा, अभ्यास व कामाच्या टेबलाला ४००० केल्विनचा दिवा द्यावा आणि जेवणानंतर बैठकीच्या व झोपण्याच्या खोलीत २७०० केल्विनचे, खालच्या पातळीवरचे दिवेच चालू ठेवावेत. प्रकाशाची मात्रा त्याच्या रंगाइतकीच महत्त्वाची आहे. झगझगीत पिवळा दिवाही झोप लांबवतो. रंगतापमान बदलणारे बल्ब आणि स्ट्रिप आता सहज मिळतात, पण घरातली वडीलधारी माणसे मोबाइलवरून दिवे लावत नाहीत. दोन वेगळ्या रंगांचे दिवे आणि भिंतीवर दोन वेगळी बटणे, ही योजना त्यांच्यासाठी अधिक भरवशाची.

खिडकीच नसलेल्या जागेसाठी इटलीतील कोएलक्स या कंपनीचा कृत्रिम झरोका ही अलीकडची विलक्षण निर्मिती आहे. कोमो येथील इन्सुब्रिया विद्यापीठाचे भौतिकशास्त्रज्ञ पाओलो दि त्रापानी यांच्या संशोधनातून तो तयार झाला. आकाश निळे का दिसते, याचेच कारण तिथे काही मिलिमीटर जाडीच्या पटलात उतरवलेले आहे. पटलातले नॅनोकण निळा प्रकाश विखुरतात आणि उरलेला उबदार झोत सरळ पुढे जातो. वर पाहिले की निळे आभाळ दिसते आणि भिंतीवर उन्हाचा पट्टा पडतो, त्यात सावलीही असते. किमतीमुळे ही वस्तू सामान्य घरापासून दूरच आहे. तिच्या नावावर ढगांचे चित्र छापलेले पॅनेल मिळते, त्यात उन्हाचा झोत नसतो आणि म्हणून ते लवकरच पोस्टरसारखे वाटू लागते. तळघरातल्या वा आतल्या अंगाच्या खोलीत त्याऐवजी एक पांढरी भिंत वरून खालपर्यंत सलग उजळवावी. खिडकी असल्याचा भास त्याने जास्त होतो.

निळा आणि जांभळा

जॉर्जेस क्लोद यांनी १९१० मध्ये पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात निऑन नळ्या लावल्या तेव्हापासून रंगीत रेघ म्हणजे शहराचे भविष्य, असे समीकरण जुळत गेले. १९८२ च्या ‘ब्लेड रनर’ने ते पक्के केले. चित्रपटाच्या दृश्यकल्पनेत सिड मीड यांचा मोठा वाटा होता. पावसात भिजलेल्या रस्त्यांवर सांडलेला निऑनचा रंग तेव्हापासून संगणकावर खेळणाऱ्या तरुणांच्या खोल्यांपर्यंत येऊन पोहोचला आहे. व्हेर्नेर पान्टोन तर रंगात पूर्ण बुडालेली खोली करत. १९७० मध्ये बायर कंपनीसाठी कलोन येथे ऱ्हाइन नदीतल्या जहाजावर त्यांनी ‘व्हिजिओना २’ हे प्रदर्शन मांडले, त्यात जमीन, भिंती, छत आणि आसने मिळून लाल-निळ्या-जांभळ्या लाटांची एकच गुहा होती.

घरात हा मोह आवरावा, असे म्हणण्यापेक्षा त्याची जागा ठरवावी. वस्तूचा रंग दिसतो तो तिच्यावर पडलेल्या प्रकाशात तो रंग असेल तरच. निळ्या-जांभळ्या उजेडात वरणभात राखाडी दिसतो आणि चेहरा आजारी. म्हणून रंगीत प्रकाश भिंतीवर, पडद्यामागे किंवा टीव्हीच्या पाठीमागे टाकावा, आणि माणसे व अन्न यांच्यासाठी वेगळा पांढरा दिवा ठेवावा.

पांढऱ्या प्रकाशाची प्रतही सारखी नसते. स्वस्त एलईडीत निळा आणि पिवळा भरपूर, पण गडद लाल तुटपुंजा असतो. रंग किती खरे दिसतात हे सांगणारा सीआरआय हा अंक ठरलेल्या नमुना-रंगांपैकी पहिल्या आठ फिकट रंगांच्या सरासरीवरून काढतात आणि गडद लाल, म्हणजे आर-९, त्या सरासरीत धरलाच जात नाही. त्यामुळे खोक्यावर ८० सीआरआय लिहिलेल्या दिव्याखाली कुंकू विटकरी, डाळिंबाचे दाणे तपकिरी आणि पैठणीचा लाल काठ मळका दिसू शकतो. आरसा, जेवणाचे टेबल आणि ओटा या तीन ठिकाणी ९० च्या वरचा सीआरआय आणि आर-९ चा वेगळा आकडा दिलेली स्ट्रिप घ्यावी. पॅसेज, लॉफ्ट आणि बाल्कनीत साधी चालते.

ओटा, देवघर, रात्रीची वाट

स्वयंपाकघरात छताच्या मध्यावर ट्यूबलाइट असते आणि ओटा भिंतीला. काम करणारी व्यक्ती दोहोंच्या मध्ये उभी असल्याने तिची स्वतःची सावली नेमकी विळीवर आणि चिरलेल्या भाजीवर पडते. वरच्या कपाटांच्या तळाला प्रोफाइल लाइट लावला की ही अडचण संपते, पण तो कपाटाच्या पुढच्या कडेला लावून भिंतीकडे ४५ अंशांत कललेला हवा. मागे, टाइल्सला चिकटून लावला तर टाइल्स झगमगतात आणि ओट्याची पुढची बाजू अंधारी राहते. काळा ग्रॅनाइट चकचकीत असेल तर त्यात रेघेचे प्रतिबिंब पडते, तेव्हा दुधी झाकण टाळू नये. गॅसच्या वर तेलकट वाफ येते, तिथे झाकण काढून पुसता येईल अशी व्यवस्था ठेवावी.

देवघरात समईची ज्योत साधारण १९०० केल्विनची असते. तिच्या मागे ६५०० केल्विनचे पांढरे पॅनेल लावले की ज्योत फिकी पडते. २२०० ते २७०० केल्विनची मंद स्ट्रिप जाळीमागे किंवा पातळ ऑनिक्सच्या पाठीमागे लावून ज्योतीला पुढे राहू द्यावे. ऑनिक्समागे स्ट्रिपच्या ओळी जवळजवळ आणि दगडापासून थोड्या अंतरावर असाव्यात, नाहीतर दगडात पट्टे उमटतात.

भविष्यवेधी प्रकाशाचा सगळ्यात उपयोगी नमुना कदाचित सर्वात लहान आहे. पलंगाखाली दोन-तीन वॅटची उबदार स्ट्रिप आणि हालचाल ओळखणारा सेन्सर बसवला, की रात्री उठलेल्या माणसाने पाय जमिनीवर ठेवताच बाथरूमपर्यंतची वाट दिसते. डोळे दिपत नाहीत, शेजारी झोपलेल्याची झोप मोडत नाही आणि बटण शोधताना वृद्ध माणूस अडखळण्याचा धोका कमी होतो.

छताआडची व्यवस्था

लपवलेल्या प्रकाशाचे सगळे यश लपवलेल्या वायरिंगवर अवलंबून असते. एलईडी दीर्घकाळ टिकतो, पण त्याला वीज पुरवणारा ड्रायव्हर बहुधा आधी जातो, कारण त्यातले कपॅसिटर उष्णतेने सुकत जातात. पीओपीच्या बंद छतात ड्रायव्हर पुरला तर तो बदलण्यासाठी छत कापावे लागते. म्हणून ड्रायव्हर कपाटाच्या वर, लॉफ्टमध्ये किंवा उघडता येणाऱ्या झडपेमागे, हवा खेळेल अशा जागी ठेवावेत आणि त्यांच्या क्षमतेच्या ऐंशी टक्क्यांपर्यंतच भार द्यावा. डिमर लावायचा असेल तर ड्रायव्हर त्याच पद्धतीचा हवा. साध्या पंख्याच्या रेग्युलेटरवर एलईडी चालवला की तो लुकलुकतो किंवा गुणगुणतो. स्वस्त डिमरमधला लुकलुकाट डोळ्याला जाणवला नाही तरी डोके दुखवू शकतो. मोबाइलचा कॅमेरा दिव्यावर धरल्यावर पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले, तर तो ड्रायव्हर परत करावा.

वायरमनशी बोलतानाच प्रत्येक खोलीसाठी तीन स्वतंत्र बटणे ठरवून घ्यावीत: एक कोव्हचे, एक दिशा असलेल्या दिव्यांचे, एक जमिनीलगतच्या मंद प्रकाशाचे. स्ट्रिपचा वॅट, व्होल्ट, केल्विन आणि कंपनीचा क्रमांक कागदावर लिहून तो ड्रायव्हरजवळच चिकटवून ठेवावा. स्ट्रिपच्या दोन वेगवेगळ्या खेपांचा पांढरा रंग क्वचितच तंतोतंत जुळतो, तेव्हा सुरुवातीलाच एक-दोन मीटर जास्त घेऊन ठेवावी, म्हणजे पुढे एखादा तुकडा बदलावा लागला तरी रेघेत जोड दिसत नाही.